मजल, मैल आणि तास

नकाशा उघडून नागपूर, दुर्ग, भिलाई आणि रायपूर या चार गावांवर पट्टी ठेवावी. चारही गावे जवळजवळ एकाच आडव्या रेषेत येतात. नागपूरचा अक्षांश २१ अंश ९ कला, भिलाईचा २१ अंश १३ कला, रायपूरचा २१ अंश १५ कला. नागपुराहून निघून उगवतीकडे तोंड करून नाकासमोर चालत राहिलेला मनुष्य, वैनगंगेने आणि मधल्या डोंगरांनी आडकाठी केली नाही तर, नेमका आम्हां भिलाईकरांच्या अंगणात येऊन उभा राहील. यामुळेच येथे एक गंमत आढळते. नागपूर आणि रायपूर या दोन विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे २८० किलोमीटर भरते; भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव अशी जाणारी सडक त्याहून फार लांब नाही; आणि गोंदियावरून वळसा घेणारी रेल्वेदेखील तीनशेच्या आसपासच थांबते. पक्ष्याचे, गाडीवानाचे आणि इंजिनाचे अंतर इतके सारखे पडावे, असे मुलूख थोडेच सापडतील. मुंबईची गोष्ट निराळी. मुंबई–रायपूर हवाई अंतर सुमारे ९५५ किलोमीटर, आणि रुळांचे सुमारे ११४०.

रेषा तीच राहिली, परंतु ती ओलांडण्यास लागणारा काळ गेल्या पावणेतीनशे वर्षांत पंधरवड्यावरून घटकाभरावर आला. स्मृति नगरात राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरदार मंडळींच्या बोलण्यात विमानाची वेळ आणि तिकिटाचा दर हे विषय इतक्यांदा निघतात, की या वाटेचा पूर्वेतिहास एकदा नीट मांडून पाहावा असे आम्हांस वाटले.

मराठ्यांची पावले छत्तीसगडात प्रथम वाजली ती १७४१ साली. रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून आले आणि तेथील जुन्या हैहय घराण्याचा राजा रघुनाथसिंह शरण आला. पुढच्याच वर्षी हीच फौज बंगालवर गेली. त्या काळी अंतर मैलांत सांगण्याची पद्धत नव्हती. कोस होता, आणि त्याहूनही खरा हिशेब मजलांचा होता. अमुक गाव किती लांब, तर इतक्या मजला. म्हणजे इतके मुक्काम वाटेत पडतील. दरमजल दरकूच जाणारी फौज बाजारबुणग्यांसह दिवसाला पाचसहा कोस चाले. नागपूर ते रायपूर नव्वदएक कोस धरले, तर पंधरा ते अठरा मजला होतात. पावसाळ्यात वाट बंदच. मजल हे माप आमच्या मते मोठे शहाणपणाचे होते. त्यात चिखल, चढ, नदीचा उतार, बैलांचा थकवा, चोरांचे भय हे सारे आपोआप धरलेले असे. आजचा किलोमीटर त्यामानाने फार कोरडा. तो माणसाला काहीच सांगत नाही.

या पंधरा-अठरा मजलांनी राज्यकारभारही घडविला. रघूजींचे पुत्र बिंबाजी १७५८ च्या सुमारास छत्तीसगडात आले आणि १७८७ साली मृत्यू येईपर्यंत रतनपुरास राहिले. नावाला ते नागपूरच्या गादीचे अंकित. प्रत्यक्षात त्यांचा दरबार वेगळा, फौज वेगळी. रतनपूरच्या टेकडीवरचे राममंदिर त्यांनीच बांधविले. नागपूरच्या भावाने सकाळी हुकूम लिहिला तरी तो रतनपुरास पोहोचून त्याचे उत्तर परत येईपर्यंत महिन्याचा बराचसा भाग सरून जाई. इतक्या अंतरावरून हुकमत चालवता येत नाही, सल्ला मात्र देता येतो. बिंबाजींच्या पश्चात नागपूरकरांनी सुभेदार नेमून कारभार चालविला आणि तेव्हापासून रतनपूरचा दरबार उतरणीस लागला. १७९५ साली ब्लंट नावाचा कंपनीचा अधिकारी चुनारहून मार्गाची पाहणी करीत रतनपूर-रायपुरावरून आंध्र किनाऱ्याकडे गेला, तेव्हा हा सुभा चालू होता. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक अॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. रायपूर नागपूरच्या थेट वाटेवर होते. रतनपूर आडबाजूला पडत होते. राजधान्यांचे भाग्य कित्येकदा अशाच एखाददुसऱ्या मजलेच्या फरकावर ठरते.

माणसांच्या मजला अशा, तर बातमीच्या किती? पानिपतचे उदाहरण वाचकांस ठाऊक आहेच. लढाई १४ जानेवारी १७६१ ची. नानासाहेब पेशवे त्या वेळी माळव्यात भेलशास होते आणि एका सावकाराच्या पत्राने त्यांना अनर्थ समजला तो दहाएक दिवसांनी. पानिपत ते भेलसे हे सरळ अंतर सुमारे चारशे मैल. म्हणजे प्राणावर बेतलेली बातमीदेखील त्या काळी दिवसाला चाळीस मैलांहून फारशी जोरात धावत नव्हती. हेच प्रमाण लावले, तर नागपूरची खबर भिलाईच्या मुलखात चार दिवसांत आणि पुण्याची खबर रायपुरात तेरा-चौदा दिवसांत पोहोचली असती.

हे आकडे आम्ही एका विशेष कारणासाठी काढले. आपल्या धर्मशास्त्रकारांनी अंतराचा विचार फार बारकाईने केलेला आहे, आणि तो केला आहे मृत्यूच्या संदर्भात. घरापासून दूर असलेल्या आप्ताच्या कानी मृत्यूची वार्ता आली तर त्याने सुतक किती दिवस पाळावे, असा प्रश्न. जवळ असल्यास उरलेले दिवस. ‘देशांतरी’ असल्यास नियम वेगळा. मग देशांतर म्हणावयाचे कशाला? निबंधकारांनी याची अनेक लक्षणे नोंदवून ठेवली आहेत. मधे महानदी असावी, किंवा पर्वत असावा, भाषा बदलावी, कोणी योजनांचा आकडा सांगतात, आणि त्या आकड्यांत एकमत नाही. परंतु एक लक्षण आम्हांस विलक्षण वाटते. जेथे दहा रात्रींत वार्ता पोहोचत नाही, ते देशांतर. अंतर काळात मोजण्याची कल्पना रेल्वेच्या वेळापत्रकाने शिकविली असे आपण समजतो. ती या ग्रंथांत कितीतरी आधी आलेली आहे.

ही कसोटी आमच्या मुलखाला लावून पाहावी. भोसल्यांच्या सुभ्यात चाकरीस आलेला नागपूरचा कारकून या लक्षणाने देशांतरी ठरत नाही. चार दिवसांत त्याला घरची बातमी कळू शके. त्याच कचेरीत शेजारी बसलेला पुण्याचा कारकून मात्र देशांतरी, कारण त्याची बातमी दहा रात्री ओलांडून येणार. एकाच चटईवर बसलेल्या दोघांपैकी एक देशात आणि दुसरा परदेशात! भाषेच्या लक्षणाने मात्र दोघेही देशांतरी, आणि त्या न्यायाने आम्हीही.

शास्त्रकारांनी या नियमाला एक अपवाद ठेवला. मृत्यू आई-वडिलांचा असेल तर पुत्र कितीही दूर असो आणि बातमी कितीही उशिरा येवो, ज्या दिवशी ऐकेल त्या दिवसापासून त्याने पुरते दहा दिवस पाळावेत. इतरांच्या बाबतीत योजने मोजली, नद्या मोजल्या, रात्री मोजल्या. आई-वडिलांच्या बाबतीत अंतराचा हिशेबच बाजूला ठेवला. घरापासून लांब नोकरी करणाऱ्या कोणत्याही मनुष्याला हा नियम करणाऱ्याचे मन समजावून सांगावे लागणार नाही.

आता सरळ रेषेकडे वळू. विमान उडण्यापूर्वी शंभर वर्षे विमानाचे अंतर काढण्याची तयारी होऊन गेली होती, आणि तिचा एक शेवट विदर्भातच आहे. विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. डोंगरमाथ्यांवरून कोन घेत घेत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला आणि नागपूरच्या वाटेवर जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. त्याचे काम पुढे एव्हरेस्टने चालविले. गावांचे अक्षांश-रेखांश नक्की ठरले ते या लोकांमुळे. आणि ते ठरल्यावर दोन गावांमधले आकाशातले अंतर घरबसल्या गणिताने निघू लागले. हिंगणघाटात गाडल्या गेलेल्या त्या म्हाताऱ्याच्या हिशेबावर आजची वैमानिक मंडळी उडत आहेत, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

रायपूरच्या माना विमानतळाला २०१२ साली स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. विमानतळांना थोरांची नावे देण्याची चाल आहेच. येथे मात्र नावात प्रवासाची एक खरी गोष्ट दडलेली आहे. १८७७ साली चौदा वर्षांचे नरेंद्रनाथ आईसह कलकत्त्याहून रायपुरास आले, कारण वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त तेथे राहत होते. त्या वेळी कलकत्त्याहून रेल्वेने यावयाचे म्हणजे अलाहाबाद, जबलपूर असा वळसा. आणि रायपुरास रेल्वे नव्हतीच. उरलेला मार्ग बैलगाडीने, दाट अरण्यातून, पंधरवड्याहून अधिक काळ. ही गाडी नागपुराहून निघाली असे चरित्रांत येते. ती जबलपुराहून निघाली असावी असेही काहींचे म्हणणे आहे. वाटेत डोंगराच्या कपारीत लोंबणारे अजस्र मधाचे पोळे पाहून त्या मुलाची समाधी लागल्याची जी कथा आहे, तीत विंध्याचा उल्लेख येतो, आणि नागपूरच्या वाटेवर विंध्य कोठेच नाही, हे खरे. काही असो. नागपूर–रायपूर १८० मैल आणि पंधरा दिवस म्हणजे दिवसाला बारा मैल, सहा कोस. भास्कररामाच्या फौजेची मजल आणि नरेंद्राच्या बैलगाडीची मजल एकच! मधे एकशेछत्तीस वर्षे गेली, राज्ये बदलली, भोसल्यांचे संस्थान १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. बैलाच्या चालीत फरक पडला नव्हता.

तो पडला पुढच्या पाचच वर्षांत. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरास येऊन थांबली होती. छत्तीसगडचा तांदूळ बंजाऱ्यांच्या तांड्यांनी येई आणि मीठ त्याच तांड्यांनी परत जाई. दुष्काळाच्या वर्षांनी शिकविले, की एका प्रांतात कोठारे भरलेली असूनही शेजारचा प्रांत उपाशी मरू शकतो. धान्य वाहणाऱ्या बैलाला वाटेत स्वतःच खावे लागते, आणि वैरणपाणी नसेल तर तो वाटेतच मरतो. त्यातून नागपूर–छत्तीसगड रेल्वे ही मीटर मापाची गाडी निघाली, आणि १८८० नंतरच्या एकदोन वर्षांत ती राजनांदगावापर्यंत पोहोचली. पंधरा दिवसांचे काम एका दिवसावर आले. या वाटेच्या इतिहासात याच्याइतकी मोठी उडी दुसरी कोणतीही नाही; पुढे विमानानेही काळ कमी केला तो या पटीत नव्हे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग रुंद केला, १८९१ साली तो आसनसोलपर्यंत नेला, आणि १९०० साली हावड्याला जोडला. ज्या माधवराव सप्र्यांनी टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले, त्यांनी त्याच १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. घरात मराठी आणि लेखणीत हिंदी, अशा त्या पिढीला ही रेल्वे मोठी सोयीची झाली असली पाहिजे.

येथे घड्याळांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण प्रवासाचा अवधी काढावयाचा म्हणजे दोन्ही टोकांची घड्याळे एक हवीत. ती नव्हती. मुंबईचा स्थानिक काल ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, आणि रेल्वे चाले मद्रासच्या कालाने, म्हणजे ५ तास २१ मिनिटांनी. मुंबईकराच्या घरातल्या घड्याळात गाडी सुटावयास अर्धा तास असे, तेव्हा स्थानकावर ती सुटून गेलेली असे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानचा प्रमाणकाल सुरू झाला, ५ तास ३० मिनिटांचा. मुंबईने तो मनापासून स्वीकारला नाही. सरकारने लादलेली ही वेळ म्हणून गिरणी कामगारांपासून पुढाऱ्यांपर्यंत सर्वांनी तिला विरोध केला, आणि शहरात ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत तग धरून राहिला. प्रमाणकालाचे रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर. भिलाई त्याच्या जेमतेम सव्वा अंश पश्चिमेस, म्हणजे आमचा सूर्य आणि आमचे घड्याळ यांत पाच मिनिटांहूनही कमी तफावत. मुंबईत ती ३९ मिनिटांची. बदली होऊन नव्याने आलेला मुंबईकर हिवाळ्यात पहिल्या आठवड्यात कुरकुरतो, की येथे फार लवकर अंधार पडतो. त्याला सांगावेसे वाटते, की बाबा, येथे अंधार वेळेवर पडतो. तुझ्या गावी तो उशिरा पडत होता.

तारेचे आगमन वर राहून गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारायंत्र आले आणि बातमी आणि माणूस यांची फारकत झाली. तोवर दोघे साधारण एकाच वेगाने चालत होते. जासूद चार दिवस पुढे, इतकेच. तारेनंतर बातमी दोन तासांत आणि माणूस दोन दिवसांत, अशी स्थिती झाली. पुण्याच्या त्या जुन्या कारकुनाला वडील गेल्याचे कळे तेव्हा सर्व क्रिया आटोपलेल्या असत. धावाधाव करण्याचा प्रश्नच उरत नसे. तारेने मात्र अशी एक रात्र निर्माण केली, जीत मनुष्याला सर्व ठाऊक असते आणि तो अजून भुसावळच्याही अलीकडे असतो. परगावी नोकरी केलेल्या मागच्या पिढीच्या घरोघरी अशा एखाद्या रात्रीची आठवण आहे. तारखात्याची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी पुष्कळ गोड लेख लिहिले. ज्यांच्या दारात रात्री तारवाल्याची सायकल थांबली होती, त्यांनी ते कोणत्या मनाने वाचले असतील, कोण जाणे.

ही फट बुजविण्याचा पहिला मोठा प्रयत्न आकाशातून झाला, आणि त्याचे केंद्र नागपूर होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईस उतरले, हे सर्वांना ठाऊक असते. १९४९ च्या जानेवारीअखेरीस सुरू झालेले रात्रीचे हवाई टपाल मात्र आता विस्मरणात गेले आहे. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळणमंत्री होते. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगावावर एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल करीत, आणि पहाटेपर्यंत आपापल्या घरी परतत. मुंबई–नागपूर हवाई अंतर ६८० किलोमीटरच्या आसपास. त्या काळच्या डाकोटाला अडीच-तीन तास पुरत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात. देशाच्या नकाशाचा मध्य म्हणून नागपूरचा इतका नेमका उपयोग त्यापूर्वी कोणी केला नव्हता.

भिलाईचा जन्म याच काळातला. सोव्हिएत संघाबरोबर पोलाद कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी; केंद्राचे अर्थमंत्री त्या वेळी चिंतामणराव देशमुख होते. त्या दिवशी भिलाई ज्या राज्यात होती त्याची राजधानी नागपूर होती, अडीचशे किलोमीटरवर, एकाच रुळावर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि पहिली भट्टी पेटण्यापूर्वीच भिलाईची राजधानी भोपाळ झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्या भट्टीचे उद्घाटन केले, तेव्हा येथे रुजू झालेला नागपूरचा तरुण अभियंता जागचा न हलता परप्रांतात गेलेला होता. २००० साली पुन्हा १ नोव्हेंबरलाच छत्तीसगड राज्य झाले आणि राजधानी रायपुरास, अगदी दाराशी आली. पंचेचाळीस वर्षांत तीन राजधान्या.

गाड्यांचा वेग मधल्या काळात वाढत गेला. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ साली मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस निघाली, वर्गभेद नसलेली. दुर्गच्या मराठी घरांत ती ‘आपली गाडी’ म्हणून रुजली. ११ डिसेंबर २०२२ पासून नागपूर–बिलासपूर वंदे भारत धावू लागली आणि दुर्गहून नागपूर सुमारे साडेतीन तासांवर आले. भास्कररामाची एक मजल आता पाव तासाची झाली.

आणि विमान? मुंबईचे तिकीट काढताना पावणेदोन तासांचा प्रवास असे लिहिलेले असते, आणि त्यातही प्रत्यक्ष हवेत राहणे दीड तासाहून कमीच. आम्ही कारकुनी सवयीने पूर्ण हिशेब मांडतो. स्मृति नगरातून निघून ग्रेट ईस्टर्न रोडने कुम्हारी, टाटीबंध करीत मानापर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर, सव्वा तास. तेथे दीड-दोन तास आधी हजेरी. उड्डाण पावणेदोन तास. सामान मिळून बाहेर पडावयास अर्धा तास, आणि पुढे ठाणे-डोंबिवलीचे घर गाठावयास दीड ते दोन. एकूण सात तासांच्या घरात. रेल्वेने सतरा-अठरा. म्हणजे आकाशातले तास चारांत एक, उरलेले तीन जमिनीवरचेच. तरीसुद्धा पहाटे तीनला आलेला दूरध्वनी आणि दुपारच्या आत घराचा उंबरठा, हे आज शक्य आहे, आणि घरी थांबलेल्यांना ‘येतोय, थांबा’ एवढे सांगता येते. देशांतराच्या लक्षणांपैकी भाषा, नदी आणि पर्वत आमच्या बाबतीत अजून कायम आहेत. दहा रात्रींचे मात्र उरले नाही.

सरकारी नियमपुस्तकात अंतराची गणना अजून वेगळ्याच पद्धतीने होते. बदली झाल्यावर रुजू होण्यासाठी केंद्रीय नोकराला जो अवधी मिळतो, त्याचे १९७९ चे नियम आहेत. जुने आणि नवे ठिकाण यांत हजार किलोमीटरपर्यंत अंतर असल्यास दहा दिवस, त्याहून अधिक असल्यास बारा, आणि दोन हजारांवर गेल्यास पंधरा. मात्र विमानाने जाणाऱ्यास बारांहून जास्त नाहीत. घाटात रेल्वे भाड्यासाठी जे वाढीव अंतर धरते ते येथे धरावयाचे नाही, खरे अंतरच धरावयाचे, असेही त्यात बजावले आहे. मुंबई ते दुर्ग रुळाने सुमारे ११०० किलोमीटर आहे आणि आकाशातून साडेनऊशेच्या आत. आमच्यासारख्या कनिष्ठ वेतनश्रेणीतल्या माणसाला सरकारी खर्चाने विमान सहसा मिळत नाही. त्यामुळे आमच्या बदलीच्या कागदावर अंतर रुळाचेच लिहिले जाते, आणि दिवस बारा मिळतात.